ज्याच्या हाती चावी, तो मालक?

‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. क्रिप्टोकरन्सीच्या जगाने ती फारच मनावर घेतली आहे. तिथे ससा म्हणजे बिटकॉइन, आणि ससा हाती असणं म्हणजे प्रायव्हेट की माहीत असणं. हॉस्टेलवर हा विषय निघाला की कॉम्प्युटरची पोरं एकच वाक्य ठोकून मोकळी होतात, “चावी नाही तर कॉइन नाही!” तांत्रिक अर्थाने हे बरोबरच आहे. पण त्यातून पुढचा निष्कर्ष काढला जातो, की एकदा चावी चोराकडे गेली म्हणजे पोलीस, कोर्ट, कायदा सगळ्यांनी हात चोळत बसायचं. तो निष्कर्ष मला पटत नाही.

आधी चावी म्हणजे काय ते थोडक्यात. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये, अवघड काही नाही. प्रायव्हेट की म्हणजे २५६ बिटांचा एक आकडा. त्या आकड्याने व्यवहारावर डिजिटल सही होते, आणि सही जुळली तर जगभरचे कॉम्प्युटर तो व्यवहार मान्य करतात. सही करणारा खरा मालक की चोर, हे विचारायची सोय त्यात नाही. आकडा अंदाजाने शोधायचा म्हटलं तर शक्यता २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या. आपल्या लॅबमधले सगळे पीसी सूर्य विझेपर्यंत चालू ठेवले तरी भागायचं नाही (आणि मधे लाईट जाणार ती वेगळीच!). तेव्हा ‘चावी तोडून पैसे परत आणतो’ असं म्हणणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर ठग.

आता आमच्या मोडनिंबकडे या. आमच्या माढा तालुक्यात कोणाच्याही घरात सर्वात जपून ठेवलेला कागद कुठला, तर सातबारा. बिटकॉइनचं ब्लॉकचेन म्हणजे तरी काय, एक अवाढव्य सातबाराच. अमुक पत्त्यावर अमुक इतकं नाणं, ही नोंद सगळ्यांना दिसते. फरक एकच, पण फार मोठा. समजा, कोणी खोटी माणसं उभी करून तुमच्या जमिनीचं खरेदीखत केलं आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं. तुम्ही दिवाणी कोर्टात जाता. पाच वर्षं लागोत नाही तर पंधरा, पण निकाल तुमच्या बाजूने लागला तर खरेदीखत रद्द होतं, नवा फेरफार पडतो आणि तुमचं नाव परत चढतं. त्यासाठी त्या ठगाची सही लागते का? मुळीच नाही. कोर्टाचा हुकूम आणि तलाठ्याची नोंद, काम झालं. ब्लॉकचेनच्या सातबाऱ्याला तलाठीच नाही. तिथे फेरफार फक्त सध्या ज्याच्या हाती चावी आहे त्याच्याच सहीने पडतो, म्हणजे चोराच्या!

पण म्हणून चोर मालक होतो का? ताबा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याच्या घरात बांधाचं भांडण झालंय त्या प्रत्येकाला कळतं. चावी म्हणजे ताबा. मालकी कोणाची हे ठरवायचं काम आकड्याचं नाही.

हे नुसतं माझं मत नाही. लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्येच बिटकॉइन ही मालमत्ता असल्याचं धरून खंडणीत गेलेली नाणी गोठवण्याचा हुकूम दिला होता. आपल्याकडे मद्रास हायकोर्टाने २५ ऑक्टोबर २०२५ रोजी तसंच म्हटलं. प्रकरण मुंबईच्या वझीरएक्सचं होतं. १८ जुलै २०२४ ला त्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली (पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून उत्तर कोरियाच्या हॅकर्सकडे बोट दाखवलं). एका ग्राहक महिलेचे ३,५३२.३० एक्सआरपी तिथे अडकून पडले होते. गंमत अशी, की चोरी झाली होती इथरच्या घराण्यातल्या नाण्यांची, एक्सआरपीची नव्हेच. तरी सगळ्यांचा तोटा सगळ्यांत वाटायची योजना निघाली. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी सांगितलं, की क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती कोणाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळता येते. आणि त्या बाईंना अंतरिम संरक्षण दिलं.

कायद्यातला आणखी एक बारीक बदल बहुतेकांच्या नजरेतून सुटलाय. जुन्या भारतीय दंडसंहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत ‘मूर्त’ हा शब्द होता, म्हणजे हाताला लागणारी वस्तू. चोरीचं कलम अशा वस्तूंनाच लागायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो शब्द गळाला. आता जमीन आणि जमिनीला जडलेल्या गोष्टी सोडून हरतऱ्हेची मालमत्ता त्यात बसते. एक शब्द गेला आणि न दिसणारं नाणं चोरीच्या व्याख्येत येण्याचा रस्ता मोकळा झाला. वकिलीच्या पोरांना हे कदाचित ठाऊक असेल, आपल्याला कोणी शिकवत नाही.

बरं, मालकी मान्य झाली. पण हुकूम बजावायचा कोणावर? ब्लॉकचेनला बेलीफ समन्स लावू शकत नाही हे खरं. पण चोराला ते नाणं कधी ना कधी खर्च करायचं असतं, त्याचे रुपये नाही तर डॉलर करायचे असतात, आणि त्या वाटेवर कुठे ना कुठे माणूस बसलेला असतो. माझ्या म्हणण्याचा सगळा भार या एका मुद्द्यावर आहे. चावी फुटत नसेल तर फोडू नका, माणूस शोधा.

सगळ्यात सोपा माणूस म्हणजे एक्स्चेंज. चोराने नाणी एक्स्चेंजच्या खात्यात टाकली की चावी चोराकडे राहतच नाही, ती कंपनीकडे असते. ७ मार्च २०२३ पासून आपल्याकडचे असे व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत. ग्राहकाची ओळख तपासणं, नोंदी ठेवणं आणि संशयास्पद व्यवहार कळवणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणजे पोलिसांचं पत्र वेळेत पोचलं तर खातं गोठतं, आणि कोर्टाच्या हुकमाने रक्कम परत येऊ शकते. चोराला चावी विचारायची गरजच नाही.

दुसरा माणूस म्हणजे नाणं काढणारी कंपनी. यूएसडीटी नावाचं डॉलरशी बांधलेलं नाणं आहे, ते टेदर ही कंपनी काढते. तिच्या प्रोग्रॅममध्येच एखादा पत्ता काळ्या यादीत टाकण्याची आणि त्यावरची नाणी नष्ट करण्याची सोय लिहिलेली आहे. कंपनी तेवढीच नवीन नाणी मूळ मालकाला काढून देऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांसोबत काम करून टेदरने आग्नेय आशियातल्या फसवणूक करणाऱ्या टोळ्यांशी संबंधित सुमारे २२.५ कोटी डॉलर गोठवले होते. चोराकडे चावी आहे, सहीही जुळते, पण नाणं हलत नाही. गावात कुलूप चोराने लावलं आणि सरकारने त्यावर सील ठोकलं, तसं.

तिसरी तऱ्हा जास्त नाट्यमय आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल नावाच्या पुलावरून, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर नाणी नेणाऱ्या प्रोग्रॅममधून, १,२०,००० इथर चोरीला गेले. चोराने पुढे ती रक्कम ओएसिस नावाच्या सेवेतून तारण ठेवली. त्या सेवेचा प्रोग्रॅम बदलायचा अधिकार काही मोजक्या सह्यांकडे होता. २१ फेब्रुवारी २०२३ ला लंडनच्या हायकोर्टाचा हुकूम निघाला, प्रोग्रॅम बदलला गेला आणि तारण चोराच्या वॉलेटमधून बाहेर आलं. चोर चावी उराशी धरून बसलेला, आणि तिजोरीची मागची भिंत कोर्टाच्या हुकमाने काढून घेतलेली!

याच्याही पुढची पायरी म्हणजे खुद्द सातबाऱ्याची वहीच बदलायची. इथेरियमवाल्यांनी ते २० जुलै २०१६ ला केलं. ‘डाओ’ नावाच्या सामूहिक फंडातून सुमारे ३६ लाख इथर निघून गेले होते. बहुमताने सॉफ्टवेअर बदललं आणि पैसे परत काढायची वाट करून दिली. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली, तिला आज इथेरियम क्लासिक म्हणतात. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, सुई या ब्लॉकचेनवर सीटस नावाच्या सेवेतून २२ कोटी डॉलरच्या वर चोरी झाली. नेटवर्क चालवणाऱ्यांनी चोराचे व्यवहार घेणंच थांबवलं, त्यामुळे सुमारे १६.२ कोटी डॉलर जागेवर अडकले. मग मतदान झालं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली आणि चोराच्या सहीविना त्याच्या पत्त्यावरची नाणी हलवली गेली. यात कोर्ट कुठेच नव्हतं. गावकीने बसून निकाल दिला आणि गावकीनेच तो बजावला.

आता कोणी म्हणेल, मग काय, सगळ्याच ब्लॉकचेनला असा तलाठी नेमा आणि कोर्टाच्या हाती मास्टर चावी द्या. इथे मी थांबतो. क्रेग राइट यांच्या कंपनीने लंडनमध्ये दावा लावला होता, की आमच्या १,११,००० बिटकॉइनच्या चाव्या हॅकरने पळवल्या, तेव्हा बिटकॉइनच्या डेव्हलपर्सनी प्रोग्रॅम बदलून ती नाणी आम्हाला द्यावीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने, हा प्रश्न सुनावणीच्या लायकीचा आहे, एवढं मान्यही केलं. दावा पुढे बारगळला. आणि मार्च २०२४ मध्ये वेगळ्या खटल्यात तिथल्याच हायकोर्टाने ठरवलं, की हे गृहस्थ स्वतःला बिटकॉइनचा जनक सातोशी म्हणवत असले तरी ते सातोशी नाहीत. पुराव्यादाखल आणलेल्या कागदांत मोठ्या प्रमाणावर बनावट कागद होते, हेही कोर्टाने नोंदवलं. क्षणभर विचार करा, तेव्हा मास्टर चावी असती आणि कोणी घाईत फिरवली असती तर? सातबाऱ्यावरची चूक निदान अपिलात दुरुस्त होते. इथे नाणं पलीकडच्या अनोळखी पत्त्यावर गेलं की संपलं. म्हणून माझं मत असं, की जिथे माणसाच्या हाती खरोखर ताबा आहे (एक्स्चेंज, कंपनी, सह्या करणारे मोजके लोक) तिथे कोर्टाने तो ताबा बेधडक वापरावा. जिथे तो नाही तिथे मागच्या दाराने तयार करू नये. काही चोऱ्या मग कायमच्या पचतील, मान्य आहे. रोख पैशाच्या पचतातच की.

राहिली शेवटची वाट, चोराकडूनच चावी काढायची. अमेरिकेत बिटफिनेक्सच्या चोरीतल्या १,१९,७५४ बिटकॉइनपैकी ९४,००० हून जास्त फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त झाले, कारण आरोपीच्या ऑनलाइन स्टोरेजमधली कुलूपबंद फाईल तपासणाऱ्यांनी उघडली आणि चाव्या त्यातच होत्या. सगळेच चोर असे उपकार करत नाहीत. आपल्याकडे आरोपीला पासवर्ड सांगायला लावणं म्हणजे घटनेच्या २०(३) कलमाविरुद्ध त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का, यावर एकवाक्यता दिसत नाही. कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये एक मत दिलं, दिल्लीच्या विशेष सीबीआय कोर्टाने २०२२ मध्ये वेगळं. सुप्रीम कोर्टाने मात्र मार्च २०२२ मध्ये एका प्रकरणात आरोपीला वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण म्हणजे गेनबिटकॉइन, आणि ते आपल्या अगदी जवळचं, पुण्याचं आहे.

अमित भारद्वाज आणि मंडळींनी दर महिन्याला १० टक्के, असं १८ महिने बिटकॉइनमध्ये देऊ, असं आमिष दाखवलं. आपल्या डिप्लोमाच्या गणितातही हे बसत नाही, तरी देशभर लोकांनी नाणी दिली. नंतर परतफेड बिटकॉइनमध्ये न करता त्यांनीच काढलेल्या एमकॅप नावाच्या नाण्यात सुरू झाली, ज्याला बाजारात किंमत नव्हती. ईडीच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्येच सुमारे ६,६०० कोटींचे बिटकॉइन गोळा झाले होते. पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले, २०१८ च्या एप्रिलमध्ये भारद्वाजला अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. चाव्यांतलं काय काय त्याच्यासोबत गेलं कुणास ठाऊक! डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली, पुणे, चंदीगड, बेंगळुरू, आणि आपल्याकडच्या नांदेड-कोल्हापूरसकट ६० हून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या. हाती लागली २३.९४ कोटींची क्रिप्टो. ६,६०० आणि २३.९४ हे आकडे नुसते शेजारी ठेवून बघा.

पण या प्रकरणातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१८ च्या तपासात पुणे पोलिसांनी तांत्रिक मदतीला दोन बाहेरचे जाणकार घेतले होते, एक सायबर तज्ज्ञ आणि एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली काही नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना दिलेल्या स्क्रीनशॉटमध्ये शिल्लक कमी दाखवली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण असा आरोप होऊच शकला हे भयंकर आहे. चोरीची मोटारसायकल सापडली तर ठाण्याच्या आवारात उभी असते, चेसिस नंबर पंचनाम्यात असतो, पंचांच्या सह्या असतात, मालक सुपुर्दनाम्यावर घेऊन जातो. कोटींच्या नाण्यांचा पुरावा म्हणजे स्क्रीनशॉट? आपल्याला प्रॅक्टिकलच्या जर्नलला सर स्क्रीनशॉट चालवून घेत नाहीत!

म्हणूनच मला वाटतं, की चोरीचं नाणं परत मिळण्याचा खरा अडथळा क्रिप्टोग्राफीत कमी आणि आपल्या कामाच्या पद्धतीत जास्त आहे. समजा, मोडनिंबच्या एखाद्या पोराने डाळिंबाच्या पट्टीतून उरलेले पैसे यूएसडीटीत ठेवले आणि खोट्या ॲपने ते पळवले. तो १९३० ला फोन करील, टेंभुर्णीच्या ठाण्यात जाईल, तिथून प्रकरण सोलापूरला सायबरकडे जाईल. इकडे नाणी पाच पत्त्यांवरून उड्या मारत एक्स्चेंजला पोचायला एक चहा पिण्याइतका वेळ लागतो. त्याचं काम त्या तासाभरात गोठवण्याचं पत्र गेलं तरच होणार. तेव्हा त्याने तक्रारीत ‘माझे पैसे गेले’ एवढंच न लिहिता चोराचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश लिहून द्यायला हवा, ठाणे अंमलदाराला तो नाही समजला तरी. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७ कलमाची सोय आहे. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त झाली, की कोर्टाच्या हुकमाने जिल्हाधिकाऱ्याने ६० दिवसांत ती पीडितांना वाटायची. कलम चांगलं आहे. पण वाटायला आधी काही तरी नीट जपून ठेवलेलं पाहिजे ना.

आणि त्याच पोराला दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज येतो, ‘तुमची चावी नसली तरी तुमचं क्रिप्टो आम्ही परत मिळवून देतो, आधी फी भरा.’ ही मंडळी फसलेल्यांच्याच याद्या धरून फिरतात. वर सांगितलेल्या वाटांपैकी प्रत्येक वाट पोलीस, कोर्ट, कंपनी किंवा नेटवर्क यांच्याकडूनच जाते. फी घेऊन ब्लॉकचेन हॅक करणारी वाट अस्तित्वातच नाही.

शेवटी एक सूचना, आपल्या विभागातल्या प्रोजेक्टवाल्यांसाठी. जप्तीच्या वेळी नाणी तीनपैकी दोन सह्यांच्या वॉलेटमध्ये हलवावीत. एक चावी तपास अधिकाऱ्याकडे, एक कोर्टाच्या नाझरकडे, एक जिल्हा कोषागारात. एकट्याने कोणाला हात लावता येणार नाही, आणि एक चावी हरवली तरी नाणं बुडणार नाही. वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश पंचनाम्यात लिहावा, पंचांनी तो स्वतःच्या मोबाईलवर तपासून मगच सही करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, तंत्र बाजारात फुकट आहे, आणि फायनल इयरच्या दोघांना तो फॉर्म महिन्याभरात करता येईल. मग स्क्रीनशॉटवर विसंबायची गरज उरणार नाही. ज्याचं नाणं गेलं तो मोडनिंबच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसला असताना पत्ता टाकून बघेल, की पुण्यातल्या मुद्देमालातलं नाणं काल होतं तिथेच आहे का.